लाल रेघेपर्यंत

आमच्या लॅबमध्ये लघवीचे सहा डबे होते. पांढरे, प्लॅस्टिकचे, अडीच लिटरचे. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात, बाजाराच्या मागच्या गल्लीत ती लॅब होती आणि मी तिथे टेक्निशियन होते. रक्त काढणारी, काचा धुणारी, रिपोर्ट टाइप करणारी आणि मालक बाहेर गेले की काउंटरवर बसणारी, सगळी मीच. मालक सिंधी होते, माझ्या वडिलांच्या वयाचे. पेशंट असो की मी, सगळ्यांना ‘साईं’ म्हणायचे.

प्रत्येक डब्यावर मालकांनी आपल्या बायकोच्या नेलपॉलिशनं एक लाल रेघ ओढली होती, बरोबर एक लिटरवर. चोवीस तासांची लघवी गोळा करायची म्हटलं की बायका लाजून निम्मी तरी संडासात टाकून यायच्या आणि उरलेली आमच्यासमोर आणून ठेवायच्या. डबा रेघेच्या फारच खाली दिसला की विचारायचं, बाई, सगळी धरली का? ती रेघ एवढ्यासाठीच होती. आमच्यासाठी होती, पेशंटसाठी नव्हती. आज मी हे किती स्वच्छ लिहिते आहे. त्या वेळी एवढं स्वच्छ बोलले असते तर हे लिहायची वेळ आली नसती.

ही ऐंशीच्या दशकातली, मधल्या वर्षांमधली गोष्ट. आमच्या भागात सोनोग्राफीचं मशीन अजून यायचं होतं. पोटातलं बाळ कसं आहे हे डॉक्टर हात लावून आणि नळी टेकवून सांगायचे. अवघड केस असली, प्रेशर वाढलेलं असलं, की एक टेस्ट सांगायचे. गरोदर बाईच्या लघवीतून इस्ट्रिऑल नावाचं एक हार्मोन बाहेर पडतं, ते दिवसभरात किती पडलं ते मोजायचं. हे हार्मोन एकटी आई बनवत नाही. त्याचा बराचसा कच्चा माल बाळाच्या शरीरातून येतो, वारेत त्याचं हार्मोन होतं आणि मग आईच्या रक्तातून लघवीत उतरतं. बाळ वाढेल तसा आकडा चढतो. बाळाचं पोषण तुटायला लागलं की आकडा घसरतो. हे शिकले तेव्हा मी मोठ्या कौतुकानं आईला सांगितलं होतं, की पोटातलं पोरसुद्धा आपली खुशाली कळवत असतं. आई म्हणाली, लाथा मारून कळवतंच की, त्यासाठी लॅब कशाला पाहिजे.

आम्ही बदलापूर गावातले. माझी मोठी बहीण, अक्का, अंबरनाथला दिली होती. दाजी केमिकल कंपनीत होते. चाळीत दोन खोल्या, त्यात सासूबाई, अक्का-दाजी, धाकटा दीर आणि त्याची बायको. संडास चाळीच्या टोकाला, सगळ्यांना मिळून. घरात एक मोरी, तिला पडदा.

अक्काची दोन बाळंतपणं वाया गेली होती. एक सातव्या महिन्यात गेलं, दुसरं आठव्यात, जन्मालाच मेलेलं आलं. दोन्ही वेळा ती माहेरी, आमच्याकडे होती. तिसऱ्या वेळी सासूबाईंनी तिला पाठवायचं नाव काढलं नाही. माहेरचं पाणी मानवत नाही हिला, एवढंच म्हणाल्या. आईच्या ते इतकं मनाला लागलं की तिनं अंबरनाथला जाणंच सोडलं. मग खेपा घालायच्या मी. सकाळी लॅबला जाताना तिथे उतरायचं, अक्काला बघायचं आणि पुढे रिक्षानं उल्हासनगर गाठायचं.

त्याच वेळी अक्काची जाऊही गरोदर होती, तिच्या दीड महिना मागे. घरात तिला धाकटी म्हणायचे, मीही तेच म्हणायचे. मुरबाडकडच्या खेड्यातली, वीस वर्षांची, अंगापिंडानं ठणठणीत. सातव्या महिन्यातसुद्धा दोन्ही हातात पाण्याच्या कळशा घेऊन चालायची. अक्काची ती सावलीच होती म्हणा ना. अक्काचे पाय चेपायची, तिचं बिनमिठाचं जेवण वेगळं करायची आणि ती एकटी कशी खाईल म्हणून स्वतःही तेच अळणी जेवायची. शेजारच्या बायका सासूबाईंच्या कानाशी लागल्या होत्या, की एका छपराखाली दोन गरोदर बायका ठेवू नयेत, एकीचं दुसरीला बाधतं. सासूबाईंनी त्यांना उडवून लावलं. असल्या गोष्टी आम्ही छप्पन साली दीक्षेबरोबरच सोडल्या, म्हणाल्या. अक्काला सातवा लागला तेव्हा त्यांनी तिला पांढरी साडी नेसवली, वंदना घेतली आणि दोघी सुनांना शेजारी बसवून एकाच ताटात खीर दिली. मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला होता.

आठव्यात अक्काचं प्रेशर चढलं. पायांवर सूज आली, लघवीतून अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रोटीन, जायला लागलं. उल्हासनगरच्या डॉक्टरीणबाईंनी दाजींना आणि मला समोर बसवून नीट समजावलं. बाळ आता काढलं तर फार लहान आहे, त्याला ठेवायला काचेची पेटी लागेल, ती इथे नाही, मुंबईला आहे. तिथे बोलून ठेवावं लागेल आणि तरीही जगेलच असं नाही. आत ठेवलं तर दोन आठवड्यांत अंग धरेल, पण या प्रेशरनं त्याचं आतच खाणंपिणं तुटलं तर हाती काही लागायचं नाही. म्हणून इस्ट्रिऑल करत राहू. आकडा टिकला तर थांबू, घसरला तर काढू. सगळं त्या आकड्यावर होतं. टेस्ट आमच्याच लॅबमधून करू, असं मी लगेच बोलून टाकलं. खरं सांगायचं तर मला थोडं मिरवायचंही होतं.

डबा घेऊन मी अंबरनाथला गेले. मोरीत ठेवला आणि अक्काला समजावून सांगितलं, की सकाळची पहिली लघवी टाकायची, तिथून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची सगळी यात धरायची, एक थेंबही बाहेर जाता कामा नये. सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. धाकटी दारात उभी राहून कान देऊन ऐकत होती. अक्कानं मान खाली घालून विचारलं, “किती व्हायला पाहिजे?”

मला उशीर होत होता. मी लाल रेघेवर बोट ठेवलं. “निदान इथपर्यंत तरी,” म्हटलं आणि चप्पल घातली.

पहिला आकडा बेताचा आला, पण चालण्यासारखा. भरलेला डबा कापडी पिशवीत घालून मी रिक्षात मांडीवर घेऊन बसायचे. एकदा शेजारच्या बाईनं विचारलं, तूप का हो, गावचं? मी हो म्हटलं. ती म्हणाली, मलाही सांगा आणायला. अक्काला हे सांगितलं तेव्हा ती हसून हसून दमली होती. त्या महिन्यातलं तिचं ते हसणं मला आठवतं, कारण तसे प्रसंग फार नव्हते.

दुसऱ्या वेळी डबा रेघेच्या चार बोटं खाली होता. आकडाही उतरला. मी अक्कावर डाफरले. कुठेतरी टाकलीस ना, लाजलीस ना, आता डॉक्टर ओरडतील, टेस्ट वाया जाईल, असं काय काय बोलले. अक्का म्हणत राहिली की नाही गं, होतच नाही मला. मी ऐकलं नाही. अपुऱ्या डब्यांसमोर रोज बायकांचे हेच शब्द ऐकून माझा कान निबर झाला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन दिवसांनी पुन्हा करू. या वेळी अजून खाली गेला तर मी थांबणार नाही, मुंबईला पेटीचं बोलून ठेवते.

तिसरा डबा मी उचलला तेव्हा तो रेघेला लागून होता, केसभर वरच. मी अक्काच्या पाठीवर थाप मारली. बघ, मनात आणलंस तर जमतं की नाही, म्हटलं. अक्का माझ्याकडे जरा गोंधळून बघत होती. तिच्यामागे धाकटी उभी होती, ती खूश दिसत होती.

लॅबमध्ये मी त्यातली थोडी परीक्षानळीत घेऊन तापवली. अल्ब्युमिन असलं की तापवल्यावर लघवी अंड्याच्या पांढऱ्यासारखी साकळते. आधीच्या दोन्ही वेळा ती घट्ट साकळली होती. या वेळी नुसती धुरकट झाली. मी मालकांना दाखवलं, तेही म्हणाले, “अच्छा है, साईं.” बाकीचा नमुना ते नेहमीप्रमाणे बर्फाच्या थर्मासमधून स्वतः मुंबईच्या मोठ्या लॅबला देऊन आले. दोन दिवसांनी आकडा आला. जवळजवळ दीडपट चढला होता. माझा जीव भांड्यात पडला. आमच्या लेटरहेडवर तो रिपोर्ट मी स्वतः टाइप केला आणि खाली इंग्रजीत ‘नॉर्मल’ हा शब्द एक जागा जास्त सोडून, ठसठशीत मारला.

डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला. प्रेशर तर तेवढंच आहे, असं स्वतःशीच म्हणाल्या. मग म्हणाल्या, पण बाळ चांगलं आहे, थांबू या. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. चुकीचा कागद त्यांच्या हातात मी दिला होता.

आणि डोळे मलाही होते. त्या संध्याकाळी अक्काच्या नडगीवर मी अंगठा दाबला तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. तिचा चेहरा इतका सुजला होता की मंगळसूत्र गळ्यात रुतत होतं. मी ते पाहिलं. पण पर्समध्ये आकडा होता ना. सख्ख्या बहिणीच्या पायापेक्षा मी स्वतः टाइप केलेल्या कागदावर जास्त विश्वास ठेवला. याचा राग मला अजून येतो, आणि तो कुणावर काढता येत नाही म्हणून जास्त येतो.

पाचव्या दिवशी बाळ हलायचं थांबलं. दुसऱ्या दिवशी अक्का बाळंत झाली. मुलगा होता. वाळलेला, सुरकुतलेला, पण नाक-डोळे अगदी दाजींचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा बऱ्याच दिवसांपासून उपाशी होता. मग मला म्हणाल्या, तो शेवटचा आकडा कसा आला असेल गं? मला तेव्हा खरोखरच माहीत नव्हतं.

ते कळलं दहा-बारा दिवसांनी. दुपारची वेळ होती, अक्का आत झोपली होती. चाळीच्या नळावर धाकटी भांडी घासत होती आणि मी शेजारी बसले होते. तिनं हात थांबवले आणि भांड्याकडेच बघत विचारलं, “ताई, डब्यात दुसरीची गेली तर चालतं ना?”

मी म्हटलं, कुणाची दुसरीची?

“माजी. दुपार टळली तरी डबा निम्मा पन नव्हता. जाऊबाई रडत व्हत्या. तुमी बोलल्या व्हत्या, डॉक्टर वरडतील म्हनून. मंग मी भरला, रेघेपर्यंत. त्यांना बोलली नाय.” मग ती म्हणाली, “मला वाटला, दोघी पन पोटुशी, दोघींचा एकच.”

सगळं एकाएकी जागेवर बसलं. अक्का खोटं बोलत नव्हती. सुजलेल्या बाईचं पाणी अंगातच साठतं, लघवी कमी होते. तो कमी भरलेला डबा हाच रिपोर्ट होता. तो वाचायला मुंबईची लॅब लागत नव्हती. आणि तो हातात आल्यावर मी तिच्यावर डाफरले होते. मग धाकटीनं मायेनं त्यात आपली भर घातली. अल्ब्युमिन पातळ झालं, आकडा चढला. त्या आकड्यात खुशाली कळवणारं एक बाळ होतं. ते अक्काचं नव्हतं. ते माझ्यासमोर, नळावर भांडी घासणाऱ्या पोरीच्या पोटात होतं, चांगलं धष्टपुष्ट.

तिनं पुन्हा विचारलं, चालतं ना? तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला पूर्ण कळलं नव्हतं, पण अंदाज आला होता. मी तिला विचारलं, कुणाला बोललीस? ती नाय म्हणाली. मी म्हटलं, “बोलू नको. कधीच.”

हे मी तिच्यासाठी म्हटलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं, की धाकटीनं तोंड उघडलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, रेघेपर्यंत भरायचं हे तुला कुणी सांगितलं? दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन मी ॲसिटोननं सहाही डब्यांवरच्या रेघा पुसून काढल्या. मालकांनी विचारलं तेव्हा म्हटलं, लोक चुकीचं समजतात. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि पुन्हा रेघा ओढल्या नाहीत.

इकडे अंबरनाथला शेजारणींना बोलायला जागा झाली. आम्ही सांगत होतो, एका छपराखाली दोघी नकोत. ज्या सासूबाईंनी एकाच ताटात खीर दिली होती, त्यांचा छप्पन सालापासूनचा निश्चय या तिसऱ्या बाळानं मोडला. आठवा लागायच्या आत त्यांनी धाकटीचं बोचकं बांधलं आणि तिला मुरबाडच्या एसटीत बसवून दिलं. हिचं बाधलं, असं तोंडावर म्हणाल्या. अक्का ओली बाळंतीण, तशीच उठून दारापर्यंत आली आणि हात जोडून म्हणाली, तिला पाठवू नका हो, तिचा काय दोष. धाकटीनं मान वर केली नाही. तिला ते पटलेलं दिसत होतं.

मी तिथेच उभी होते. सासूबाईंना अडवायचं तर काय सांगून अडवणार होते? बाधलं नाही, असं म्हणायचं तर मग काय झालं ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगितलं असतं तर तिला घालवून द्यायला खरंखुरं कारणच मिळालं असतं. मी तिचं बोचकं उचलून एसटीपर्यंत गेले. एवढंच केलं.

तिला मुलगी झाली. तीन किलोच्या वर, पहिल्या दिवसापासून आवाज असा की गाव उठावं. चार महिन्यांनी धाकटी परत आली तेव्हा सासूबाई नातीला बघून विरघळल्या. पण पोरीला खरं उचललं ते अक्कानं. डॉक्टरीणबाईंनी तिला चौथ्याचं नाव काढू नको असं सांगितलं होतं. अक्का पोरीला न्हाऊमाखू घालायची, भरवायची, शाळेत पोचवायची. पोर तिला मोठी आई म्हणायची. धाकटी कधी आड आली नाही. उलट पोर रडली की स्वतः घ्यायच्या आधी अक्काकडे द्यायची. लोक म्हणायचे, जावांचं असं प्रेम बघितलं नाही. मी ते ऐकून घ्यायचे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी चाळ सोडली आणि बदलापूरला, शिरगावात, नव्या बिल्डिंगमध्ये घर घेतलं. सामान लावायला मी गेले होते. दुपारी अक्का पलंगावर कागदांची पेटी उपडी करून बसली होती, रेशनकार्डासाठी काहीतरी शोधत. मुलगी शेजारी पालथी पडून अभ्यास करत होती. ती सहावीत होती, इंग्रजी मिडियमला. धाकटी आत पोळ्या लाटत होती. भिंत नवी, पातळ, लाटण्याचा आवाज सगळा बाहेर येत होता.

अक्काच्या हाताला तो रिपोर्ट लागला. पिवळा पडला होता, घड्यांवर फाटला होता. तिनं तो ठेवला असेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. तिनं तो माझ्यासमोर धरला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “तुला एक कधी सांगितलं नाही मी. त्या शेवटच्या वेळी एकदा माझ्याकडून डब्याबाहेर झालं होतं. मोरीत. चक्कर आली होती. तरी डबा भरला कसा, मलाच कळलं नाही. त्यामुळे काही झालं असेल का गं?”

दहा-अकरा वर्षं ती हे घेऊन जगत होती. आत लाटणं थांबलं.

मी म्हटलं, अक्का, त्यानं काही झालं नाही. चूक माझी होती. तुला होत नव्हती तेच मला कळायला पाहिजे होतं, ती रेघ मी तुला दाखवायलाच नको होती. ती म्हणाली, रेघेचं काय घेऊन बसलीस, रेघेपर्यंत तर भरला होता ना. माझ्या चुकीत तिला काही रसच नव्हता. आता सांगावं, असं एकदा माझ्या अगदी ओठांवर आलं. पण आतून काहीच आवाज येत नव्हता, आणि मुलीनं वही बाजूला सारून अक्काच्या हातातला कागद ओढून घेतला होता.

ती मोठ्यानं वाचायला लागली. अक्काचं नाव, वय, मग ते अवघड नाव अडखळत, मग आकडा. शेवटचा शब्द तिला आला, नॉर्मल. तिनं वर बघितलं. घरात आपल्या आधी एक बाळ होऊन गेलं हे तिला माहीत होतं.

“मावशी, म्हणजे बाळ चांगलं होतं?”

दोन वेण्या, गालाला शाई लागलेली, ती माझ्या उत्तराची वाट बघत होती. त्या आकड्यातलं बाळ तीच होती, तिच्याकडे बघून मला खोटं बोलता येईना.

“हो,” मी म्हटलं. “अगदी छान होतं.”

आणि म्हणता म्हणताच मला कळलं, मी काय केलं ते. अक्कानं तिच्या हातातून कागद हळूच काढून घेतला आणि जुन्या घड्यांवरच पुन्हा दुमडला.

“मग माझ्याच हातून गेलं,” ती म्हणाली.

मी तिचा हात धरला आणि नाही, नाही, एवढंच म्हणत राहिले. तिनं कागद पेटीत तळाशी ठेवला आणि पुन्हा रेशनकार्डाचं शोधायला लागली. थोड्या वेळानं आत लाटणं सुरू झालं.